तीन प्रश्नावल्यांत सर्वत्र ‘अडचण नाही’ असे भरल्याबाबत

प्रति,
मा. विभागप्रमुख,
मेंदू व मज्जातंतू विभाग,
पांझराकाठ रुग्णालय, धुळे.

विषय : मी स्वतः सांगितलेली उत्तरे रद्द करून मला व्यायामवर्गात परत घेणेबाबत.
संदर्भ : आपले दि. ३ नोव्हेंबरचे अभिनंदनाचे पत्र.

महोदय,

१. मी सोनगीर येथील शाळेचा सेवानिवृत्त मुख्याध्यापक असून चार वर्षांपासून कंपवाताचा रुग्ण आहे. आपल्याकडे दर तीन महिन्यांनी रुग्णाचे हाल रुग्णालाच विचारून नोंदवतात. शून्य म्हणजे अडचण नाही, चार म्हणजे स्वतः करताच येत नाही. पद्धत उत्तम आहे. बिघाड अर्जदारात आहे.

२. प्रश्न वाचून दाखवणाऱ्या परिचारिका श्रीमती डिंपल या माझ्या विद्यार्थिनी. सातवीत अक्षर खराब म्हणून मी त्यांच्याकडून रोज पानभर शुद्धलेखन लिहून घेत असे. त्यांनी, “सर, लिहिताना त्रास होतो का?” असे विचारताच मी, “अजिबात नाही,” म्हणून मोकळा झालो. बाकावर आणखी दोन माजी विद्यार्थी बसले होते, म्हणून तोल जाणे, ठसका लागणे आणि कुशीवर वळणे यांनाही शून्य दिले. शर्टाच्या बटनांबाबत तर मी खोटे बोललो असे मला वाटलेच नाही, कारण बटने रोज वेळेवर लागतात. ती माझी पत्नी प्रमिलाबाई लावते.

३. पुढच्या दोन खेपांना आधीची शून्ये टिकवणे भाग पडले. आयुष्यभर मुलांची कॉपी पकडली आणि सत्तरीत स्वतःच्याच जुन्या पेपरवरून कॉपी केली. परिणामी आपण मला मंगळवारच्या व्यायामवर्गातून मोकळे केले, जागा गरजू रुग्णास दिली आणि आता अभिनंदनाच्या पत्रातून नव्या रुग्णांपुढे ‘मी बरा कसा झालो’ यावर वीस मिनिटे बोलण्यास बोलावले. सांगण्यास शरम वाटते, पण भाषण मी तयारही केले.

४. वर्ग सुटल्यापासून दोन महिन्यांत मी तीनदा पडलो. तिसऱ्यांदा मोरीत पडलो तेव्हा मला उचलताना प्रमिलाबाईचा खांदा निखळला. हात गळ्यात बांधलेल्या अवस्थेत तिने सगळे चांगले असल्याचे आपले पत्र माझ्याकडून वाचून घेतले आणि अहिराणीत विचारले, “बठ्ठं चांगलं शे, तर मंग रोज सकायले मी कोना शर्टना बटनं लावस?” आता तिलाच हात वर करता येत नाही, आणि मला पहिल्यांदाच भीती वाटते आहे.

५. सबब, जुन्या प्रश्नावल्या रद्द कराव्यात व वर्गात एक जागा द्यावी. नवी प्रश्नावली प्रमिलाबाईच्या समक्ष भरून घ्यावी. प्रश्न मात्र श्रीमती डिंपल यांनीच विचारावेत. मला त्यांच्यापुढेच खरे सांगायला शिकायचे आहे.

आपला, यापुढे शून्य जपून देणारा,
झुलाल तोताराम पाटील
देवपूर, धुळे. दि. १० नोव्हेंबर २०२५

सोबत : १. प्रमिलाबाईच्या खांद्याचा दाखला.
२. न केलेले भाषण, पाने सहा.

टीप : अर्ज शेजारचे प्रेमराजभाऊ यांनी टंकलिखित केला आहे. सही माझी आहे. ती मुंगीएवढी झाली असून शेवटची दोन अक्षरे उमटलेली नाहीत. श्रीमती डिंपल यांना त्यांच्या प्रश्नाचे उत्तर म्हणून ती दाखवावी.