माझा रविवार

शनिवार, सिहोरा

उद्यापासून दर रविवार माझा, असं ठरवलं होतं. शाळेचं काम नाही, पाहुणे नाहीत. केसांना तेल, सावकाश अंघोळ, दुपारी झोप. म्हणून सकाळी सासूबाईंना सहज म्हटलं, "आई, रविवारी तुमसरले पोरीकडं, वनिताबाईकडं जात जा. मले थोडा आराम भेटन." त्या "बरं" म्हणाल्या.

संध्याकाळी बाजारातून आले तर दारात त्यांची पिशवी. एका दिवसासाठी एवढी फुगलेली? आत सगळी लुगडी, गोळ्या, मामंजींचा फोटोसुद्धा.

"आई, एवढं कायले?"

"पोरीकडंच राहतो आता. तुले आराम भेटन."

रागावल्या नव्हत्या, तेच जास्त लागलं. मी चुकीचं बोलले का? की त्या घरात नकोत, हे मनात होतंच? पिशवीकडे बघवेना. मीच ती रिकामी केली, फोटो जागेवर लावला. "मी चुकली, आई. कुठं जाऊ नका." त्या पुन्हा "बरं" म्हणाल्या.

जेवताना त्यांनी हात भाताच्या गंजाकडे नेला आणि थांबल्या.

"आणखी थोडा घेऊ काय?"

स्वतःच्या घरात विचारलं त्यांनी. मला.