शेळीला वाचून दाखवायची पत्रं

ताईस, धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे, त्यामुळे निम्माच वाकलो आहे. उरलेला निम्मा तू आलीस की पुरा करीन.) तुझा गुडघा कसा आहे? भाचीची झोप पुरी होते का? नातवाला चौथा दात आला हे वाचून आनंद झाला, मात्र सव्वा पानाच्या पत्रातलं पाऊण पान दातांवर गेलं हेही माझ्या लक्षात आलं. इथे सगळे खुशाल आहेत. सगळे म्हणजे मी, सात कोंबड्या, एक कोंबडा, एक पिल्लू (त्याचं पुढे सांगतो) आणि तुझी शेळी.

तू लिहितेस, की तुझं परतणं आता कठीण दिसतं, तेव्हा मी उगाच हाल करून घेऊ नयेत, शेळीला चांगलं घर बघावं आणि कोंबड्या वाटून टाकाव्यात. वर त्याच पत्रात, अगदी खालच्या कोपऱ्यात, तिकडच्या गच्चीत खुराडं बांधायला सुतार माप घेऊन गेला, असंही आहे. म्हणजे इथलं मोडायचं आणि तिथे नवं बांधायचं. ते वाक्य मी भिंगातून दोनदा वाचलं. (घड्याळ दुरुस्तीचं भिंग डोळ्याला असतंच, मुद्दाम लावावं लागलं नाही.) त्यावर माझं म्हणणं शेवटी सांगेन, आधी इथली हकीकत ऐक.

तपकिरी कोंबडी खुडूक झाली तेव्हा तुझा सल्ला आला होता, की तिच्याखाली नऊ अंडी ठेव, टोपली अंधाऱ्या कोपऱ्यात ठेव आणि मग तिच्या वाटेला जाऊ नकोस. पहिल्या दोन गोष्टी केल्या. तिसरी जमली नाही. तीस वर्षं लोकांची घड्याळं लावून देणाऱ्या माणसाने एकवीस दिवसांचं काम कोंबडीच्या मर्जीवर कसं सोडायचं, तूच सांग. ती अंडी आपली आपण फिरवते हे मान्य, पण किती वाजता फिरवते याला काही धरबंध नाही. तेव्हा मी प्रत्येक अंड्याच्या एका बाजूला पेन्सिलीने फुली काढली, दुसऱ्या बाजूला गोल, आणि दुरुस्तीला आलेली तीन गजराची घड्याळं सकाळ, दुपार, संध्याकाळ वाजतील अशी टोपलीशेजारी मांडली. गजर झाला की मी जायचं, तिला उठवायचं, फुल्या खाली, गोल वर. पहिल्या दिवशी तिने बोटाला चोच मारली, दुसऱ्या दिवशी मनगटाला. चौथ्या दिवशी गजर होताच ती आपण होऊन उठली, अंगणात जाऊन धुळीत लोळली आणि पुढचा गजर होईपर्यंत परतली नाही. आठव्या दिवशी तर आलीच नाही. तुला आता काय तोंड दाखवू, या धास्तीने मी नऊच्या नऊ अंडी दुकानात आणली, कामाच्या दिव्याखाली कापसात ठेवली आणि उरलेले तेरा दिवस स्वतःच खुडूक बसलो. आठ अंडी वाया गेली. नवव्यातून पिल्लू निघालं, आणि जगात आल्यावर त्याला पहिला चेहरा दिसला तो माझा, भिंगासकट. आता ते मला आई समजतं. मी उठलो की उठतं, पाणी प्यायला गेलो की मागून येतं आणि लंबकाच्या घड्याळाखाली झोपतं. शेजारची शिंपीण म्हणते, की पिल्लाचं ठीक आहे, ते मोठं होऊन विसरेल, पण मागेमागे कुणी फिरण्याची सवय मला लागते आहे त्याचं काय करायचं. तिला एक बोलायला लागतं.

शेळीचं प्रकरण याहून अवघड. तू गेल्यावर आठ दिवस तिने मला कासेला हात लावू दिला नाही. तू लिहिल्याप्रमाणे पाठीवरून हात फिरवला, पेंड घातली, कोमट पाण्याने कास धुतली. तिने ते कोमट पाणी दोनदा माझ्या अंगावर उलथवलं. शेवटी शिंपीणच म्हणाली, की तिला तुमच्या ताईंची बडबड ऐकायची सवय, तुम्ही घुम्यासारखे बसता, तिला वाटतं चोर आला. आता शेळीशी काय बोलायचं? (घड्याळांविषयी बोलून पाहिलं. तिला रस नाही.) खिशात तुझं पत्र होतं, ते खांबाला टोचलं आणि वाचू लागलो, तुझ्यासारखाच हेल काढून. ‘वेळेवर जेवत जा, दिवा न लावता भिंतीकडे बघत बसू नकोस,’ इथे आलो, तशी तिने रवंथ थांबवला, कान पाडले आणि दूध सोडलं. तेव्हापासून तोच रिवाज पडला. तुझी पहिली पत्रं चांगली चार-चार पानी असायची, त्यांवर तांब्या भरायचा. मग तीन पानं झाली, मग दोन. सव्वा पानावर चहापुरतंही निघत नाही. जुनी पत्रं पुन्हा वाचतो, पण ती घडीवर फाटत चालली आहेत, आणि मला पाठ झाली आहेत. बहुधा तिलाही.

तरी तुझा शब्द मोडायचा नाही म्हणून मागच्या आठवड्यात वरच्या रस्त्यावरच्या बेकरीवाल्याला बोलावलं. माणूस सज्जन, आवार ऐसपैस, दोन शेळ्या आधीच्याच. तो म्हणाला, दूध काढून दाखवा. मी पत्र टोचलं, वाचलं, दूध आलं. मग तो बसला आणि लाथ खाऊन उठला. त्याने पत्र मागून घेतलं आणि आपल्या आवाजात वाचलं (‘जेवत जा’ हे त्याने हुकूम सोडल्यासारखं वाचलं), तेव्हा कुठे चार थेंब पडले. त्यावर तो म्हणाला, ‘शेळी नेतो, पण पत्रांसकट द्या.’ बोलला ते रास्तच होतं. मी म्हटलं, ‘शेळी न्या. पत्रं नाही देता येणार.’ तो टोपी घालून निघून गेला. तेव्हा व्यवहार मोडला त्यात माझा काही दोष नाही.

ताई, चार महिन्यांसाठी म्हणून गेलीस, त्याला अकरा महिने झाले. संध्याकाळी खुराड्याचं दार लावताना मी कोंबड्या मोजतो. आकडा बरोबर येतो, तरी कुणीतरी बाहेर राहिलंय असं वाटून पुन्हा मोजतो. करमत नाही, दुसरं काय. असो. भाचीला आशीर्वाद, नातवाच्या चारही दातांना मामाआजोबांचा पापा.

तुझा धाकटा

ता. क. गच्चीतल्या खुराड्याबद्दल अनुभवाचा सल्ला : बांधू नकोस. वर ऊन लागतं, घार झडप घालते, कोंबडा पहाटे आरवला की खालचे भाडेकरू भांडायला येतात, आणि दाणे टाकायला तीन जिने चढायचे ते तुझ्याच गुडघ्याला. सुताराचं मापही चुकलेलं असणार. मी पाहिलेलं नाही, पण चुकलेलंच असणार.

ता. क. (दुसरा) तुझ्याशी खोटं बोलून आजवर मला पचलेलं नाही, म्हणून लिहितो. शेळी गाभण आहे. तिचं दूध आटून दोन महिने होत आले. बेकरीवाला आला होता हे खरं, पण गाभण म्हटल्यावर तो लगेच न्यायला तयार झाला, दावंसुद्धा बरोबर आणलं होतं. पत्रांचं तो काही बोलला नाही, ते मी रचलं. नाही म्हणालो तो मीच. पत्रं मात्र अजून रोज वाचतो, रिकामं भांडं पुढ्यात घेऊन. ती ऐकते.

ता. क. (शेवटचा) पुढच्या महिन्याअखेरीस ती विणार. मला यातलं काही येत नाही, कोंबडीचं काय केलं ते वर वाचलंसच. तू तिकडे गेलीस ती बाळंतपणालाच ना? मग हेही घरातलंच आहे. खोटं लिहिलं म्हणून हवं तेवढं ओरड, पण पत्रातून नको. इथे येऊन, गोठ्यात बसून ओरड.