काशीला सोडलेलं कारलं

२२ एप्रिल २००३
आज यांचं तेरावं झालं. पानात आमरस, शिरा, नारळाच्या वड्या — सगळं आवडीचं. मधुमेह झाल्यापासून यातला प्रत्येक पदार्थ मी यांच्या ताटातून उचलून घेत होते. भटजी म्हणाले, "वाढताना हात आखडू नका." नाही आखडला.

धाकटा दीर, महिपत, तीन वाट्या रस प्यायला. साखर त्यालाही आहे, यांच्याइतकीच जुनी. म्हटलं, किडनी तपासून घे. म्हणाला, "वैनी, दादाला साखरेनं नाय मारलान, मशीननं मारलान. अंगातलं रक्त बाहेर काढून कोण जगतो?" पंगतीत माना हलल्या. डायलिसिस करायचं मी ठरवलं होतं. कुणी माझ्याकडे पाहिलं नाही. मी वाढत राहिले.

२९ एप्रिल
मंगळवार, डायलिसिसचा वार. उठून कोल्हापूरच्या गाडीसाठी डबा भरला. मग आठवलं. डबा मीच खाल्ला, बिनमिठाचा.

१८ मे
महिपत आणि त्याची हौसा अस्थी घेऊन काशीला निघाली. तिथे आवडीची एक वस्तू जन्मभरासाठी सोडायची असते. हौसाला बाजूला घेऊन सांगितलं, गोड सोडायला लाव. डॉक्टरांचं ऐकत नाही, गंगेचं तरी ऐकेल.

३ जून
परत आली. महिपतने कारलं सोडलं.

"आवडायचं तुला?" मी विचारलं.
"दादाच्या नावानं सोडलंय वैनी. त्यात शंका काढू नये."
हौसा म्हणाली, "जन्मात तोंडाला लावलं नाय यांनी."

२० जून
हौसाचा फोन. पाहुण्यांकडे कारल्याची भाजी होती. महिपतने हात जोडले म्हणे, नेम आहे. त्यांना वाईट वाटलं, त्यांनी जिलबी आणवली. नेम कडक पाळतो.

५ सप्टेंबर
गणपतीला पालीला, महिपतकडे आले आहे. आरतीनंतर त्याची चप्पल पायात जाईना. खाली वाकून पाहिलं — घोटा सुजलेला. बोट दाबलं, खळगा तसाच राहिला. यांचाही असाच राहायचा.

"मोदक पायात उतरले," म्हणाला. हौसा हसली नाही, त्यांचा पोरगाही नाही.
"रत्नागिरीला माझ्याकडे ये. मशीनचं नाव काढणार नाही. फक्त रक्त तपासू."
"फक्त रक्त! दादालापण असंच नेलंस."

मोदक मात्र त्याने ताटात तसाच ठेवला.

१५ सप्टेंबर
आला. हौसाने आणला. सुई टोचताना भिंतीकडे बघत होता. घरी येऊन बिनसाखरेचा चहा मुकाट्याने प्यायला. मला जास्त भीती वाटली ती त्या मुकाटपणाची.

१७ सप्टेंबर
क्रिएटिनिन साडेआठ; एकच्या आसपास हवं. डॉक्टर म्हणाले, थांबण्यासारखं नाही, डायलिसिस सुरू करावं लागेल. मी खिडकीबाहेर पाहत राहिले. मशीनचं नाव काढणार नाही असं कबूल केलं होतं.

बाहेर बाकावर बसल्यावर त्यानेच विचारलं, "दादाला मशीनवर किती मिळालं?"
"सव्वा वर्ष."

बराच वेळ बोटांवर महिने मोजत होता. मग म्हणाला, "तेवढं बस झालं, वैनी. पोराची बारावी होते तेवढ्यात."