स्वच्छतागृहाजवळचा बाक

३ मार्च
संचालकबाई म्हणाल्या, आपल्या म्युझियममध्ये म्हातारे पुरुष रमत नाहीत, काहीतरी करा. येतात ते फक्त चौघे. स्वच्छतागृहाजवळच्या बाकावर गप्पा मारून जातात, दालनात पाऊल टाकत नाहीत. घरी बाबा आहेतच. आई गेल्यापासून बोलत नाहीत. एका दगडात दोन पक्षी. (वडिलांसाठी ही म्हण शोभते का? दुसरी शोधावी.)

६ मार्च
बाक तिसऱ्या दालनात हलवला. बसायचं तर आधी दोन दालनं बघा. दरवान म्हणाला, साहेब, त्यांचे गुडघे. म्हटलं, कुतूहल जागं झालं की गुडघे आठवत नाहीत.
मी निष्ठुर तर नाही ना? प्रामाणिकपणे तपासलं. नाही.

११ मार्च
‘आजोबा, बोला ना’ उपक्रमाचं उद्घाटन. चौघे आले नाहीत. तयारी करत असावेत. पहिले वक्ते बाबा. टाइपरायटरशेजारी उभे राहून सांगू लागले, आई ऑफिसात अशाच मशीनवर बसायची, आणि एकदा... मी नम्रपणे सुधारलं: हे मॉडेल आईने नोकरी सोडल्यावर नऊ वर्षांनी निघालं. बाबा म्हणाले, ‘मग नसेल तसं.’ आणि खाली बसले. टाळ्या मीच सुरू केल्या.

१९ मार्च
बाबा रोज जेवण उरकून बाहेर पडतात! अहवालात लिहिलं: लाभार्थी घराबाहेर पडू लागला. बायको म्हणाली, तुझ्या तावडीतून सुटायला. तिला संशोधनाची पद्धत माहीत नाही.

२६ मार्च
बायकोनेच छडा लावला. बाबा मोठ्या हॉस्पिटलच्या वेटिंग हॉलमध्ये जाऊन बसतात. दुखत-खुपत काही नाही. आधी घाबरलो. मग वाटलं, अभ्यासदौरा होईल.

२७ मार्च
गेलो. पाठ टेकायच्या खुर्च्या, पंखा, स्वच्छतागृह चार पावलांवर. मधोमध बाबा, भोवती बाकावरचे आमचे चौघे. टाइपरायटरचीच गोष्ट चालली होती. आईने साहेबांच्या राजीनाम्यात काय टाइप केलं तिथवर आली होती, आणि चौघे हसून डोळे पुसत होते. ही गोष्ट मी कधीच ऐकली नव्हती. तरीही मॉडेलच्या सालाबद्दल अवाक्षर काढलं नाही, याची नोंद असावी.
एकाने बाबांना विचारलं, तुमच्या ओळखीचे का?
बाबांनी मला नीट न्याहाळलं. ‘म्युझियमचा माणूस आहे. बसू देऊ नका, सुरू होईल.’
चौघांनी शेजारच्या रिकाम्या खुर्च्यांवर आपापल्या पिशव्या ठेवल्या.
अहवालात भर: ज्येष्ठ पुरुष म्युझियमला ओळखू लागले आहेत.