शेवंतीवरची धूळ

रविवार, १३ ऑक्टोबर २००२

धूळ. अजून डोक्यातून जात नाही. सकाळी गाड्या सुरू झाल्या आणि बघता बघता बांधाकडची पांढरी शेवंती मातकट झाली. उद्या दसऱ्याचा तोडा. मळकं फूल नाशिकच्या बाजारात कोण घेणार?

शेजारच्या भाऊसाहेबांनी रानात मातीचे उंचवटे रचून मोटारसायकली उडवायचा ट्रॅक केलाय. रविवारी शहरातले हौशी येतात. बांधावर जाऊन सांगितलं, तोडा होईपर्यंत बंद ठेवा.

"वहिनी, रान माझं हाय. अन् धूळच ना? टँकर आलाय, फुलं धुवून देतो."

"ओलं फूल पाटीत भरलं तर सकाळपर्यंत काळं पडतं. तुमच्या आईनंच शिकवलं मला."

आता ट्रॅक आहे तिथेच त्यांच्या आईची शेवंती असायची. त्यांनी वळून ट्रॅककडे बघितलं. आईला मध्ये आणायला नको होतं का? पण मी खोटं काय बोलले?

"टँकर आलाच आहे, तर ट्रॅकवर मारा."

"चिखलात पडतील की सगळे!"

"पडू द्या. चिखल माझ्या शेवंतीपर्यंत उडत नाही."

भाऊसाहेब हसले. मग खरंच पाणी मारलं. बांधाकडच्या ओळी गेल्याच, पण आतली शेवंती पांढरी राहिली. उद्या तीच तोडायची.

संध्याकाळी चिखलानं माखलेला एकजण गाडी ढकलत बांधावर आला. "काकू, धुवायला पाइप मिळेल?"

दिला. गाडी धुतल्यानं काळी पडत नाही.