हाताला लागत नाही

२ फेब्रु. १९५५
लटारी फॉर्म घेऊन आला. चांदा ते सिरोंचा, सायकलची शर्यत, तीन दिवस. चांद्याच्या कुठल्याशा व्यायाम मंडळानं काढलीय. फॉर्म हौसेनं मराठीत छापलाय. हृदय, फुप्फुस, पानथरी म्हणजे प्लीहा, दात. दातांचा सायकलशी काय संबंध, मंडळालाच ठाऊक.
बायकोचा, गिरजाचा, धाकटा भाऊ म्हणून नाही, पण आमच्या दवाखान्याला असा शिपाई मिळायचा नाही. क्विनाइनच्या गोळ्या घेऊन रोज सात-आठ गावं सायकलीवर. पाय लोखंडाचे. पोट मात्र बापजाद्यांचं, तापाचं.
टेबलावर निजवून पाहिलं. डाव्या बरगडीखाली पानथरी दोन बोटं वाढलेली हाताला लागली. लहानपणी चार होती. या मुलखात दोन बोटंवाला निरोगीच म्हणायचा. पण पडला आणि हँडल पोटात बसलं तर फुटते. कंपाउंडरकीत दोनदा पाहिलंय. सकाळी गप्पा मारणारा माणूस, संध्याकाळी...
'लिवा नं भाऊजी.'
लिहिलं. 'पानथरी : हाताला लागत नाही.'
डॉक्टरसाहेबांनी दोन रोग्यांच्या मधे सही ठोकली. माझ्या अक्षरावर त्यांचा फार विश्वास.

३ फेब्रु.
का लिहिलं? इथे कोण वाचतंय, खरं लिहितो. पानथऱ्या हे नाव त्याला मी ठेवलं. माझ्याच लग्नात. आठ वर्षांचं पोर, पाय काड्या, पोट नगारा, मांडवभर लाडू मागत फिरत होतं. 'काय पानथऱ्या, अजून किती?' वऱ्हाड हसलं. नवरदेवाचा विनोद, न हसून सांगता कोणाला. सोळा वर्षं झाली. अजून सगळा गाव पानथऱ्याच म्हणतो. लटारी म्हणणारे दोघंच, गिरजा आणि हजेरीबुक. मग लाजेकाजेनं मी.
आज त्याला बाजूला घेऊन सगळं समजावलं. म्हणाला, 'पडलो तं फुटन नं?'
'हो.'
'मंग पडतच नाई.'
वर म्हणे, सिरोंच्याला पोचणाऱ्याचं नाव भोंग्यावर घेतात. 'पुरं नाव, भाऊजी. बापासकट.'
 

७ फेब्रु.
नियम आले. प्रत्येक खेळाडूमागे एक सोबती. मी. रजा मंजूर. रात्री सायकल चालवायची नाही, जंगल आहे. सूर्य मावळला की ठरल्या गावी मुक्काम. आणि कलम सहा: शर्यत संपेपर्यंत, मुक्कामावरसुद्धा, सोबत्याने वा कोणीही खेळाडूस वा सायकलीस मदतीचा हात लावल्यास खेळाडू बाद. खाणं-पिणं जमिनीवर ठेवायचं, त्यानं उचलायचं.
गिरजाला वाचून दाखवलं. 'हात लावाचा नाई, मंग तुम्ही कायले जाता?'
फॉर्मचं तिला माहीत नाही. मुरमुऱ्याचे लाडू बांधलेत, अंबिलीचं पीठ बांधलंय. 'सांभाळून आनजा त्याले.' हो म्हणालो.

१० फेब्रु., गडचिरोली
चांद्याहून पहाटे सुटले. अकरा जण. लटारी लाल सदरा घालून, गिरजानं शिवलेला. मी करीमभाईच्या ट्रकमध्ये. सागवान आणायला तो बल्लारशाहून रिकामाच आलापल्लीला निघालाय, ओळखीखातर घेतलं. पुढे सिरोंच्यापर्यंतही सोडतो म्हणाला.
मूल गावापर्यंत ल. पाचवा. आमच्या सावली गावात चौथा. दवाखान्यातले दोन रोगी टाळ्या वाजवायला उभे. चढ आला की माझा पाय आपोआप ट्रकच्या फळीवर दाबला जातो. करीमभाई म्हणतो, 'आरामात बसा ना कंपाउंडरसाब. तुमच्या पायानं त्याचं चाक घूमते का?'
वैनगंगेत रेतीच रेती. ल. सायकल खांद्यावर घेऊन एकटा पाण्यातल्या डोंग्यापर्यंत गेला. दोनदा घोटाभर रुतला. मी काठावर हात मागे बांधून उभा, चुकून पुढे व्हायला नकोत म्हणून. काय सोबत ही! लोटा दगडावर ठेवायचा आणि चार पावलं मागे सरायचं. देवाला नैवेद्य दाखवतात तसं. देव निदान खात तरी नाही. हा घटाघटा प्यायला आणि हसला.
मुक्कामाला तिसरा. पडला नाही.

११ फेब्रु., आलापल्ली
लिहायला हात वळत नाही, तरी लिहितो.
चामोर्शीपर्यंत सगळं ठीक. दुसरा होता. मार्कंड्याची जत्रा आठवड्यावर आलीय, तरी रस्ता मोकळा. पुढे दोन-अडीच मैलांवर रस्त्याला लागून धानाच्या बांध्यांत बैलांचा शंकरपट भरलेला. बैलजोड्या, धुरळा, हजारेक माणूस. सायकली दिसल्या तशी माणसं पट सोडून रस्त्यावर आली. त्यांना शर्यत एकच ठाऊक. दोन्ही बाजूंनी रांगा, 'हाण रे! हाण! लाल्या आला!' लाल सदरा म्हणून लाल्या. ल. हसत होता, मला मागून दिसत होतं. नवीन नाव मिळालं ना.
एक म्हातारा धावत आला. वाईट हेतू नव्हता त्याचा. पटात जिंकत्या बैलाला मारतात तशी कौतुकाची थाप पाठीवर, सणसणीत. सायकल वाकडी झाली, चाक बांधात. ल. हँडलवर पोटानं पडला. नंतर खाली.
ट्रक थांबायच्या आत उडी मारली. माणसं त्याला उचलायला वाकली होती. आणि माझ्या तोंडून पहिला शब्द काय निघाला? 'हात लावू नका!'
लोकांना वाटलं, दवाखान्याचा माणूस आहे, काही कारण असेल. मागे सरले. कारण कलम सहा होतं. पोट मला नंतर आठवलं. लाज वाटते.
तो धुळीत, मी त्याच्याजवळ उकिडवा, हात माझ्याच गुडघ्यांवर. दोन बोटं. फक्त दोन बोटं बरगडीखाली घातली असती तर कळलं असतं. तो माझ्या हाताकडेच बघत होता.
'लावू नका भाऊजी. उठून राह्यलो मी.'
उठला. म्हातारा रडायला लागलेला, 'माहा बैल नाई रे बाबू तू, माह्या ध्यानातच नाई आलं.' ल. त्यालाच समजावत होता. मग सायकलीवर चढला.
संध्याकाळी चौथा आला. आपल्या पायांनी. चेहरा पांढरा की धुळीनं पांढरा, कळेना.
पंचांकडे गेलो. म्हणालो, माझ्या खेळाडूला डॉक्टरनं एकदा तपासावं. त्यांनी फाइल काढली. 'तुमच्याच दवाखान्याचा कागद आहे ना? हे बघा. पानथरी हाताला लागत नाही. मग घाबरता कशाला? सगळ्या सोबत्यांचं दुसऱ्या दिवशी असंच होतं.' माझं अक्षर माझ्यासमोर. टापटीप, शिरोरेघ सरळ. खोटं आहे म्हणून सांगायला तोंड उघडलं आणि प्यायला पाणी मागितलं. त्यांनी दिलं.
परत आलो तो ल. घोंगडी घेऊन पडलेला. म्हणाला, 'खांदा दुखून राह्यला थोडा.'
 पानथरी फुटली की डावा खांदा दुखतो, डॉक्टरसाहेबांनी दोन्ही वेळा दाखवलं होतं.
'कोणता?'
'काल रेतीतनं सायकल नेली नं, तो.' आणि डोक्यावरून पांघरूण.

१२ फेब्रु., आलापल्ली, सकाळ
ल. उजाडताच गेला. अंबील दगडावर ठेवली. अर्धी प्याला, अर्धी ठेवली. अर्धी ठेवणारा तो नव्हे. खांदा कसा आहे, विचारलं. 'बरा हाय आता.' चढताना दात आवळले होते का? दातांची तपासणी फॉर्मात होती, आता हसू येतं.
हात धरून उतरवता आला असता. चार पावलं होती. नाही धरला. भोंगा, बापासकट नाव, हेच डोक्यात. त्याच्या की माझ्या?

तोच दिवस, दुपार
लाकडाच्या डेपोनं करीमभाईच्या ट्रकवर ओंडके चढवून त्याला माघारी धाडलं. जाताना म्हणाला, 'साब, मेरे हात में क्या है.' त्याच्याही नाही, माझ्याही नाही. पंचांची जीप पहाटेच पुढे गेली. मोटार उद्या, आली तर.
दहाच्या सुमारास दक्षिणेकडून एक गोंड गाडीवान बांबू घेऊन आला. लाल सदऱ्याचा माणूस दिसला का? दिसला. नाल्याजवळ मोहाखाली बसला होता, सायकल आडवी.
'काय करत होता?'
'खांदा चोळत होता.'
'कोणता खांदा?'
त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं, वेडा असल्यासारखं. 'खांदा, बाबू. मानसाचा.'
बांबू उतरवून तो परत निघाला, मी गाडीत बसलो. निघताना त्यानं पळसाची डहाळी तोडून माझ्या हातात दिली. नाला किती लांब, विचारलं तर म्हणे, हे सुकली का नाला आला समज. इकडे कोस असाच मोजतात. सायकलीचे मैल इथे चालत नाहीत.
बैल आपल्या चालीनं. हाण म्हणावंसं वाटतं, जीभ उचलत नाही.
गचक्यांत लिहितोय. मघाशी परवाचं पान काढून पाहिलं. सायकल उजव्या खांद्यावर नेली असेल तर दुखणं उजवं, रेतीचं, दोन दिवसांत जाईल. डाव्या असेल तर काही सांगता यायचं नाही. पानावर आहे: 'सायकल खांद्यावर घेऊन एकटा.' एवढंच. डोळे मिटून वैनगंगा आणून पाहिली. रेती दिसते, लाल सदरा दिसतो, माझे बांधलेले हात दिसतात. खांदा दिसत नाही.
डोळ्यांच्या थेंबांच्या बाटलीवर डावा-उजवा लिहायला मी उभ्या जन्मात चुकलेलो नाही.
गाडीवानाला विचारलं, अजून किती? त्यानं मागे न पाहता हात केला. मी डहाळी दिली. त्यानं चाचपून परत दिली.
'हिरवीच हाय.'