सातवी ओळ

१७ जानेवारी १९९४
इकडे कानडी मुलखात, हेब्बाळला येऊन आठवडा झाला नाही, तोच प्रयोगशाळेत नोकरी लागली. श्रीरंग म्हणतो, नव्या घराचा पायगुण. मी म्हटलं, माझा.
काम मजेचं आहे. एका रानशेंगेच्या बियांतलं प्रथिन सहा उंदरिणींना खाण्यातून द्यायचं आणि रोज सकाळी काचपट्टीवर नमुना घेऊन पाहायचं. वहीत प्रत्येकीची एक अशा सहा ओळी, दर दिवसाला एक चौकोन, बीज सुटलं की त्यात लाल टिंब. साठ दिवसांनी त्यांना कापून अंडाशय काढायचे, ते काम पन्नाशीचा मदतनीस देवाप्पा करतो.
प्रमुख कल्पनाअक्का, तीन पिढ्या इथल्याच मराठी. त्यांचा एकच नियम: पाळीत उंदरांच्या खोलीत यायचं नाही, त्यांना सांगून बाहेर बसायचं. एवढ्या शिकलेल्या बाईचं हे सोवळं पाहून हसू आलं. पण नवी नोकरी, वाद कशाला घाला.

२० जानेवारी
कालपासून बाहेर बसले आहे. अक्कांनी तारखा विचारल्या, दर महिन्याच्या. लग्नाला चार वर्षं झाली, मूल नाही, हेही बोलून गेले. त्यांनी हात धरला. उद्यापासून माझ्यासाठी उसळीचा डबा आणणार आहेत. स्वल्प खा, ताकद येते, म्हणाल्या.

१९ फेब्रुवारी
तारीख उलटून तीन दिवस झाले. श्रीरंगला सांगितलं नाही, दृष्ट नको लागायला. उंदरिणींची लाल टिंबं थांबली. अक्का खूश, मीही. डबा चाटूनपुसून संपवते.

१८ मार्च
काल देवाप्पाने सहाही कापल्या.
आज माझी तपासणी. दिवस गेलेले नाहीत. बीजच सुटत नाही, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. महिना उलटल्यावर श्रीरंगला सांगितलं होतं, त्याने नागपूरला आईंना पत्रही टाकलंय. आता काय कळवायचं? फार वाईट वाटतंय.

२१ मार्च
अक्का जेवायला गेल्या होत्या. वही उघडी. सहा ओळींखाली सातवी. नाव नाही. सुरुवात २१ जानेवारी, डब्याचा पहिला दिवस. शेजारी माझ्या पाळीच्या तारखा, त्या फक्त अक्कांना माहीत. पुढे एकही टिंब नाही.
डब्यातला एक दाणा धुऊन पाहिला. प्रयोगशाळेच्या बरणीतल्या रानशेंगेचाच.
साठावा चौकोन आजचा.

२२ मार्च
कामावर गेले नाही. श्रीरंगला संध्याकाळी सगळं सांगणार. औषधपाणी केलं तर अजून होईल मूल, व्हायलाच हवं —
घंटा वाजली. खिडकीतून पाहिलं. अक्का. आज डबा नाही.
मागे देवाप्पा —
कडी मी लावली होती ना, सकाळी दूध घेतल्याव